खट्

एका जुन्या मोटारीच्या किमतीला घेतला हा सिंथेसायझर.
छत्तीस हप्ते, त्यातले बावीस फिटलेत.
टांपेरेच्या दुकानदाराने तो खोक्यातून काढताना
पांढरे हातमोजे घातले होते.
मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आत काय नाही त्याच्या?
चर्चचा ऑर्गन आहे, साठ व्हायोलिनं आहेत,
पेल्याच्या काठावर ओलं बोट फिरवल्याचा आवाजसुद्धा.
पण मधल्या सप्तकातली एक पांढरी पट्टी
दाबली की खाली जाते
आणि वर यायचं विसरते.
मग आठवल्यासारखी येते: खट्.

शेजारची काळी तर तिच्याही वर.
नुसतं बोट टेकवा, किंचाळते,
अंगाई चालू असताना
कोणी ताटाळं पाडावं तशी.

कंपनीचं पत्र आलं, फार गोड.
जर्मनीला पाठवा, सहा आठवडे लागतील,
आणि खाली आकडा: नाकापेक्षा मोती जड.
तो जून होता.
तळ्याकाठी नाचाचे मांडव उघडतात जूनमध्ये,
लाकडी फरशी, डास, टँगो, रात्रभर न मावळणारा उजेड.
त्या सहा आठवड्यांत मी घराचं वर्षाचं भाडं कमावतो.

म्हणून एका पट्टीपायी
सगळ्या गाण्यांची पट्टी बदलली.
दीड सूर खाली.
ताइना गायली, काही बोलली नाही,
परतताना गाडीत मात्र म्हणाली,
'माझं वय ओळखलंस. बरं केलंस.'
मी वायपर चालू केले.
पाऊस नव्हता.

हिवाळ्यात मी रात्री वाजवतो, कानांवर हेडफोन लावून.
म्हणजे व्हायोलिनं माझ्या एकट्याची
आणि इमारतीच्या वाट्याला
फक्त लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज.
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं
फेब्रुवारीत हिल्का वार्तिया दाराशी येईपर्यंत.

खालच्या मजल्यावरची. वय ब्याऐंशी.
एकतीस वर्षं कापडगिरणीत मागावर काढलेली,
कान तिथेच ठेवून आलेली.
मी माफी मागायला तोंड उघडलं.
तिने हात वर केला.

'गरम पाण्याच्या नळीला तळवा लावला की कळतं मला.
काल वॉल्ट्झ होता.
तीन मोजले की एक खट्.
गुरुवारचं काय होतं ते?
अर्ध्यातच सोडलंस.'

गुरुवारचं माझं स्वतःचं होतं.
ते अजून कोणालाच ऐकवलेलं नाही.

ती आत आली, बूट काढले, पट्टीवर बोट ठेवलं,
दाबली, सोडली, वाट पाहिली.
'चौथ्या रांगेतला माग असाच करायचा,' म्हणाली,
'धोटा परतताना अडायचा.
मुकादम म्हणे तेल घाला.
तेलानेच तर तो तसा झाला होता.'

एप्रिलात रेइयो आला, अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करणारा.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं सगळं.
बेचाळीस स्क्रू, अंड्यांच्या खोक्यात ओळीने.
काळीच्या खाली, रबराच्या चिमुकल्या टोपीत
एक केस सापडला, लांब आणि तांबडा.
माझ्या घरात तांबड्या केसांचं कोणी
चार वर्षांत आलेलं नाही.
रेइयोने तो फुंकरीने उडवला.
पांढरीखालचं वंगण मधासारखं घट्ट झालं होतं.
(तेल, बाई म्हणाल्याच होत्या.)
त्याने पुसलं, पैसे घेतले नाहीत, मासा घेतला.

अकरा दिवस सगळं सुरळीत.
तरी बोट तिथे पोचताना दबकायचं,
चावरा कुत्रा मेल्यावरही
त्या फाटकापाशी आपण रस्ता ओलांडतो, तसं.
खालून कोणी आलं नाही.
जिन्यात भेटली, नुसती मान हलवून गेली.

बाराव्या रात्री
गुरुवारचं तेच पुन्हा काढलं,
जिथे सोडलं होतं त्याच्या थोडं पुढे गेलो असेन
आणि पट्टी खाली गेली,
राहिली,
खट्.

मी हेडफोन काढले.
खालून, काठीने असेल, छताला
दोनदा ठोकल्याचा आवाज आला.

तक्रार होती की काय, अजून विचारलेलं नाही.
मी पुढचं वाजवलं.